फोन चालू असताना

"अठरा नव्या गोष्टी बोलते आता," असं म्हणत धाकट्या भावाने लॅपटॉप ताईपुढे सरकवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

ताई रुग्णालयाच्या चौकशीवर फोन घेते. तिला दिसत नाही. पडद्यावर जे येतं ते संगणक तिला वाचून दाखवतो. एका कानात फोनवरचं माणूस, दुसऱ्या कानात संगणकाचा आवाज, असं तिचं काम चालतं. रुग्णालयाने नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातलं काय, कधी, कसं वाचायचं हे संगणकाला शिकवणारी स्क्रिप्ट लिहायचं काम नेमकं भावाच्या कंपनीकडे आलं. गेला आठवडा चाचणीचा होता. उद्या सकाळपासून जुनं कायमचं बंद. "जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मागच्या खोलीत पाकिटं चिकटवायला बसा, पगार तोच," असं साहेबांनी ताईला अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. त्या गोड आवाजाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

नवी आवृत्ती पाठवताना सोबत बदलांची टीप द्यावी लागते. भावाने ती मन लावून लिहिली होती. खाट रिकामी झाली की सांगते. डॉक्टरांची पाळी बदलली की सांगते. निरोप आला की सांगते. ताईने ती टीप तिच्या नेहमीच्या वेगात ऐकली. त्या वेगात भावाला एक अक्षरही कळत नसे.

"छान," ताई म्हणाली. "शेजारी बडबडी मैत्रीण बसवून दिलीस मला."

"अगं, पण तुझं काही सुटणार नाही आता!"

"हेडफोन घाल."

"मी?"

"नाहीतर काय, साहेबांना बोलावू?"

त्याने हेडफोन घातला. ताई स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं आणि फोन केला. त्याने उचलला. डाव्या कानात त्याचीच स्क्रिप्ट सुरू झाली. "रिकाम्या खाटा तीन. पाळी बदलली. नवा निरोप." उजव्या कानात ताई घाबरलेल्या बाईच्या आवाजात घाईघाईने काहीतरी सांगत होती. वडील, एक हात, गाडी, एवढंच त्याच्या हाती लागलं.

"काय म्हणालात? परत सांगा."

बाईने परत सांगितलं. "रिकाम्या खाटा दोन," स्क्रिप्ट म्हणाली.

"माफ करा, कुठलं दार म्हणालात?"

फोन बंद झाला. ताई बाहेर आली आणि भिंतीला हात लावत खुर्चीपाशी येऊन बसली.

"शुक्रवारी असाच फोन आला होता, खरा. मीही असंच विचारलं. दोनदा."

"मग?"

"पोचले ते. वडील बरे आहेत, चौकशी केली मी. पण ती बाई रडत सांगत होती आणि मी तुझ्या खाटा मोजत बसले होते."

भावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो अडून बसला. "पण स्क्रिप्ट बोललीच नाही, तर ती बंद पडली असं वाटेल ना लोकांना!"

"कळ दाबली की सांगू दे. बोलावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

तो कामाला लागला. ताईने चहा केला, त्याच्यापुढे ठेवला. चहा निवून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. दुपारी कधीतरी त्याने मान वर केली आणि टीप पुन्हा तिच्यापुढे ठेवली. तिने ऐकली.

"एकोणिसावं ठेवलंस होय? तिथवर ऐकतंय कोण? वर घे."

त्याने वर घेतलं. *फोन चालू असताना गप्प राहते. विचारलं तरच बोलते.* बाकीच्या अठरा ओळी बिचाऱ्या त्याखाली निमूट उभ्या राहिल्या.

"कंपनीत विचारतील, एवढ्या दिवसांत नवीन काय केलंस म्हणून. गप्प बसवलं असं सांगू?"

"ताठ मानेने सांग. जमतं किती जणांना?"

तो हसला. मग मात्र त्याला धीर निघेना. हेडफोन ताईच्या हाती देऊन, गार चहाचा कप बशीसकट उचलून तो स्वयंपाकघरात गेला, दार लावलं आणि फोन लावला. ताईला पेचात पकडायचंच, असं त्याने ठरवलं होतं. आठवडाभर तिला कामावर फोन केला की पलीकडून पहिले शब्द येत ते "काय म्हणालास?" हेच. म्हणून तो मुद्दाम पुटपुटत, शब्द खात बोलू लागला. वडील आहेत, एक हात उचलता येत नाहीये, गाडीत आहोत, पुलावरून येतोय. बोलता बोलता घरातलीच गोष्ट असल्यासारखा त्याचा आवाज खरोखरच कापायला लागला, आणि याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"पुलावरून आलात की डावीकडचं पहिलं दार," ताई म्हणाली. "मी आत कळवते. माणसं बाहेर उभी असतील."

त्याने एकदाच सांगितलं होतं.

"आणि तुम्ही," ताईचा आवाज हळू झाला, "हातातली कपबशी आधी खाली ठेवा. वाजतेय. मग सावकाश बोला. मी ऐकतेय."