बिडाची जाळी

तिरडी स्मशानातल्या शेडच्या पत्र्याखाली आली तसे सरपंच शिवाभाऊ पुढे झाले. त्यांनी हात आडवा केला नाही, आवाज चढवला नाही. नुसते सरण रचायच्या बिडाच्या जाळीसमोर येऊन उभे राहिले.

"राजेंद्र, तुमची जागा वहाळापलीकडं हाय," ते म्हणाले.

राजेंद्रच्या खांद्यावर त्याची आई होती. जाईबाई पहाटे गेली होती. मागे बौद्धवाडीतली पंधरा-वीस माणसं भिजत उभी होती.

"भाऊ, पलीकडं छप्पर नाय. चार दिवस उघडीप नाय. लाकडं पेटायची कशी?"

"खरं हाय तुझं. पन आज तुला दिली, तर उद्या गावाला मी काय सांगू?"

"ही जाळी मी बसवलेय, भाऊ."

"म्हनून तर गावानं तुझा सत्कार केला."

दोन वर्षांपूर्वी इथे लोखंडी अँगलचा सांगाडा होता. दोन-चार सरणं झाली आणि तो मधोमध खाली बसला. लाकडं घसरू लागली, प्रेतं अर्धी राहू लागली. राजेंद्रचं चिपळुणात फॅब्रिकेशनचं दुकान. पंचायतीने त्याला बोलावलं. त्याने समजावून सांगितलं, की अँगल तापून लाल झाला की मऊ पडतो, वरच्या ओझ्याने वाकतो. विस्तवात आकार धरून राहतं ते बीड, ओतीव लोखंड. मग तो स्वतः कोल्हापूरला गेला, साचा करून घेतला, समोर उभा राहून जाळी ओतून आणली. एकेक तुकडा आठ जणांनी वाहिला. तापलेल्या जाळीवर कुणी पाणी ओतू नका, तडकेल, हेही त्याने घरोघर सांगितलं होतं. चौदा एप्रिलला शिवाभाऊंनीच त्याला शाल घातली होती.

जुना सांगाडा वाया कशाला घालवायचा म्हणून पंचायतीने तो वहाळापलीकडे पाठवला. राजेंद्रने तो तापवून, ठोकून सरळ केला होता. अँगलचं तेवढं बरं असतं, वाकलेलं सरळ करता येतं.

राजेंद्रने शिवाभाऊंकडे पाहिलं. भांडण झालं असतं तर वाडीतली पोरं मागे हटली नसती. पण आई खांद्यावर होती. त्याने तिरडी वळवली.

वहाळात पाणी मांडीपर्यंत होतं. पलीकडे चौघांनी डोक्यावर पत्रे धरले आणि त्यांच्या आडोशाला सरण रचलं. त्रिसरण झालं. रॉकेल ओतून, टायर घालून तासाभराने आग धरली. एकदा धरली ती मात्र चांगलीच धरली. अँगल लाल झाले आणि राजेंद्रला ठाऊक होतं तेच झालं. मधला अँगल हळूहळू खाली गेला. लाकडं एका अंगाला सरकली. जाईबाईचा हात सरणाबाहेर आला.

कुणी पुढे होईना. राजेंद्रने बांबू घेतला आणि आईचा हात आत लोटला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा लोटला. त्याची मुलगी दीक्षा पत्र्याचा एक कोपरा धरून उभी होती. तिने मान फिरवली नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा वहाळापलीकडे गेला. वाकलेला अँगल कापून काढू लागला. दीक्षा छत्री धरून बाजूला उभी राहिली. ती चिपळूणला नर्सिंग शिकत होती.

"पप्पा, पंचायतीनं आपल्याला बिडाची का नाय दिली?" तिने विचारलं. "मागितली तर नाय म्हनाले?"

राजेंद्रने ग्राइंडर बंद केला.

"नाय म्हनाले नाय," तो म्हणाला. "ग्रामसेवकानी भर सभेत विचारलं होतं, दोन मागवू का म्हनून. कोन काय बोललं नाय. मीच उठून बोललो, गाव एक हाय, दोन कशाला?"