दुसरं कडवं

त्या पत्राला पून सिकमिंगने कधीच उत्तर दिलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाने टोरांटोहून लिहिलं होतं, ‘बाबा, इथे बर्फ पडलाय. तू कधी येणार?’ संसार मोडला होता. बायको मुलाला घेऊन कायमची गेली होती. काय लिहावं, हे गाणी लिहून पोट भरणाऱ्या पूनला सुचलं नाही.

तो मुलगा मोठा झाला आणि जेरोम या नावाने, आईचं आडनाव लावून, हाँगकाँगला गायला आला. नव्या अल्बमच्या मुख्य गाण्याचं पहिलं कडवं त्याने स्वतः इंग्रजीत लिहिलं. दुसरं, तिथल्या कँटोनीज भाषेतलं कडवं टोपणनावाने लिहिणाऱ्या पूनकडे आलं. इंग्रजी कडव्यात तोच जुना प्रश्न होता. या वेळी पूनने उत्तर लिहिलं.

अल्बम तुफान खपला. मिनीबसमध्ये, चहाच्या दुकानांत, केस कापताना, सगळीकडे ते उत्तर ऐकू येऊ लागलं.

अल्बमच्या मेजवानीत निर्मात्या लुईबाईंनी पूनला ओढत नेऊन जेरोमशेजारी बसवलं. “हे घे तुझे कवी! बिळातून बाहेरच येत नव्हते.”

जेरोमने भाजलेल्या कबुतराचा तुकडा त्याच्या ताटलीत वाढला. “काका, तुमच्या कडव्याला लोक ढसाढसा रडतात. खरं सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

पूनच्या हातातली जेवायची काडी खाली पडली. “अरे, रोज गातोस ना?”

“इंग्रजी अक्षरांत लिहून घेतो, पाठ करतो. घरातलं बोलणं येतं मला. गाण्यातली भाषा पुस्तकी. भूक लागली म्हणा, लगेच कळेल!”

“केळं आहे नुसतं,” लुईबाई खिदळल्या. “वरून पिवळं, आतून गोरं!”

उत्तर अख्ख्या शहराला पोचलं होतं. ज्याला लिहिलं, तो सोडून.

“सांगा ना काका, आहे काय त्यात?”

पूनने घरातल्या भाषेत, अडखळत सांगितलं. “एक बाप आहे. मुलगा विमानाने परदेशी चाललाय. बाप विमानतळावर आलाय, पण बायकोच्या माहेरची माणसं बघून खांबामागे लपलाय. पुढे यायची हिंमत नाही. मुलाला वाटतं, बाबा आलाच नाही.”

जेरोमचं हसू मावळलं. तो पूनच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला.

“नव्हतं वाटलं तसं,” तो म्हणाला. “खांबाच्या कडेने तुझे बूट दिसत होते. मी आईला सांगितलं नाही.”