फायगाची जागा

ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीतून पळून वाचलेला लेझोर युद्ध संपल्यावर तिथे परतला, तेव्हा गावकरी मारलेल्या ज्यूंच्या राखेत सोनं शोधत होते. एक खड्डा तो फावड्यानं बुजवू लागला. "ए बाबा, आमची मेहनत मातीत घालतोस होय?" खड्ड्यातला माणूस खेकसला. "इथे माझी बायको आहे, फायगा." "मग तिची अंगठी सापडली तर तुझी. बाकीचं आमचं!" लेझोर झाडाखाली बसलेल्या पोलिसाकडे धावला. पोलिसानं पावाचा घास सावकाश गिळला. "गरीब माणसं आहेत हो. मेलेल्यांना सोनं कशाला?" लेझोर दातओठ खात परत आला आणि वाळू लोटत राहिला. तो एका बाजूनं बुजवी, माणूस दुसरीकडून उकरी. शेवटी त्या माणसानं एक तुटका कंगवा वर फेकला. "घे तुझी बायको!" कंगवा फायगाचा नव्हता. तरी लेझोरनं तो बाहीनं पुसून खिशात ठेवला.