नावानिशी प्रार्थना

बुधवारच्या प्रार्थनासभेत प्रार्थना समितीचे अध्यक्ष उभे राहिले, की चर्चमधल्या सगळ्यांचे डोळे मिटत आणि कान टवकारत.

"हे प्रभो," आजही ते गहिवरून म्हणाले, "आमच्या शिंपीणताईंच्या लेकीला सांभाळ. नवऱ्याचं घर सोडून ती परवाच माहेरी आली आहे."

"आमेन," सगळे म्हणाले. शिंपीणबाईंनी मान खाली घातली. हे त्यांनी अध्यक्षांना एकट्यात सांगितलं होतं, रडत.

पहिल्या बाकावर बसलेल्या अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईला शिसारी आली. लोकांची लक्तरं वेशीवर टांगायची आणि वर त्याला मंडळीची आत्मिक वाढ म्हणायचं. घरी मात्र ती काही सांगायला गेली, की "आई, मी प्रार्थनेच्या तयारीत आहे," म्हणून हाच मुलगा तिच्या तोंडावर दार लावून घ्यायचा.

आज साखळी प्रार्थना होती. एकाची संपली, की शेजारच्याने पुढे सुरू करायची. अध्यक्षांनंतर आईची पाळी आली. ती सभेत आजवर कधी बोलली नव्हती. आज काठी टेकून उठली.

"हे प्रभो, माझा चष्मा फुटून तीन महिने झाले. तुझं शास्त्र वाचता येत नाही. मुलाला घरी सांगून थकले..."

तिने दम घेतला. आता कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते.

"म्हणून इथे सांगते. इथे तुला सांगितलेलं चहा व्हायच्या आत सगळ्यांना कळतं, त्यालाही कळेल. आमेन."