डिकीतली हिरवी पिशवी

"डिकी उघडा."

हॉस्पिटलच्या पार्किंगात इम्राननं गाडी लावली न लावली तोच सिक्युरिटीवाला काचेशी हजर. शेजारच्या मोठ्या गाडीला त्यानं नुसता सलाम ठोकला होता. इम्रानला मात्र आधी नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर बरोब्बर डिकी आठवली!

"का म्हणून? पोलीस हाय का तुमी?"

"ऑर्डर हाय. कर नाही त्याला डर कशाला?"

मागच्या सीटवर बिबीजान उशीला टेकून बसली होती. काळजाचं ऑपरेशन. "साधंच हाय अम्मा, चार दिवसांत घरी," असं इम्रान खर्ड्यापासून नगरपर्यंत घोकत आला होता. खरं डॉक्टरनं त्याच्या एकट्याच्या कानात सांगितलं होतं. भरवसा कमी आहे, म्हातारीनं हिंमत सोडली तर संपलंच.

आणि डिकीत, स्टेपनीखाली, हिरव्या पिशवीत तिचं कफन होतं. हजहून तिनं स्वतः आणलेलं, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. अंगावर हेच पडलं पाहिजे, म्हणून तिनं सगळ्यांना बजावून ठेवलेलं. परगावी काही झालं तर ऐनवेळी कुठून आणायचं? म्हणून काल ती झोपल्यावर इम्राननं उशाखालची किल्ली काढून तिची पेटी उघडली होती. त्या पेटीला ती सुनेलासुद्धा हात लावू देत नसे.

इम्रान खाली उतरला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "दादा, कपडे हायत नुसते. आजारी माणूस हाय आत."

"मग उघडायला काय जातंय?"

काय जातंय! त्या मेल्याला काय सांगावं? मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. इम्राननं डिकी उघडली.

सिक्युरिटीवाल्यानं कपडे उपसले, थर्मास बाजूला केला आणि नेमका स्टेपनीखाली हात घातला. "ही पिशवी दडवून का ठिवली?"

"कापड हाय."

"कसलं कापड?"

आई जितीजागती दोन हातांवर बसलेली, तिच्या मागं उभं राहून तो शब्द उच्चारायचा कसा? इम्राननं पिशवी परत घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यानं सिक्युरिटीवाल्याचा संशय पक्का झाला. पिशवी घेऊन तो तरातरा पुढं गेला आणि बॉनेटवर पालथी केली. इम्रान धावला, पण उशीर झाला. पांढरं कापड काचेसमोर पसरत गेलं. अत्तराचा वास सुटला.

त्यानं घडी न् घडी मोडून पाहिली. "नुसतं कापडच की! आधी बोलायला काय झालं हुतं?"

मागची काच खाली आली.

"बाबा, भुईला टेकू नको देऊ," बिबीजान म्हणाली. "पाक हाय ते. आन इकडं."

सिक्युरिटीवाला बावचळला. कापड तिच्या हातात देऊन काठी सावरत म्हणाला, "जावा. काय सापडलं न्हाई."

ती मांडीवर घडी घालू लागली, काठाला काठ लावून. घडी सुटत होती, ती पुन्हा लावत होती. इम्रान दार उघडून उभा राहिला. त्याला रडू आवरेना.

"पेटी उघडायच्या आधी मला इचारायचं हुतंस," ती मान वर न करता म्हणाली. "मीच काढून दिलं असतं."