खोबरेल

मीटरचा काटा हलेना. चंद्रकलाबाईंच्या उरलेल्या दंडातली, प्राचीन चिनी वैद्यांनी ॲक्युपंक्चरच्या नकाशात रेखलेली ऊर्जावाहिनी बंद दिसत होती. तिच्यातल्या क्षीण विजेवरच कृत्रिम हात चालायचा होता. अपघातापासून त्यांचा पैठणीचा माग झाकलेला होता.

“माझी वीज आटली का गं?”

तंत्रज्ञ मृणालिनीने दंडाला बोट लावलं. “मावशी, तेल चोळलंत?”

“मग! नवा हात यायचा, कोरड्या अंगाने कशी येऊ?”

“तेलातून वीज जात नाही हो!” हसत तिने साबणाच्या पाण्याने दंड पुसला.

काटा सरसर चढला. मृणालिनीने कृत्रिम हात दंडाला बसवला. स्पर्श कळतो का, हे तिने विचारण्याआधीच नव्या बोटांनी तिची ओढणी चिमटीत चोळली.

“दुकानदाराने फसवलं तुला,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “यात रेशीम नाही.”