किंमत शून्य

लेक रंजिता पाळण्यात होती, तेव्हापासून नंदाबाई तिच्या लग्नाच्या फेटियावर, म्हणजे बंजारा घागऱ्यावर, आरसे-कवड्या जडवत आली होती. आज तो घागरा कॅनडाला धाडायला ती नेरच्या पोस्टात आली.

"आत काय? किंमत किती?" फॉर्म भरताना बाबूनं विचारलं.

नंदाबाईनं स्पीकरवर लावलेल्या फोनवरून रंजिता म्हणाली, "याडी, जुने कपडे, किंमत शून्य, असं लिहायले सांग. नाहीतर मले इथं टॅक्स बसते."

बाबूनं तसंच लिहिलं. नंदाबाईचं डोकं सणकलं. तिनं खोकं काउंटरवरून मागं ओढलं आणि फोन तोंडाशी धरला.

"लग्नाले घागरा बोलावला, मायबापाले नाही बोलावलं. पाहुण्यांच्या यादीत आमच्या नावापुढंही हेच लिहिलं का तुनं?"